भोवरा हलत नाही

मी घोड्यांची ओळख पटवते. ऐकणाऱ्याला आधी हे थट्टेचं वाटतं. शर्यतीत उतरणारा घोडा हा कागदावर लिहिलेलाच घोडा आहे, दुसरा कुणी नाही, हे डोळ्यांनी बघून आणि हातांनी चाचपून सांगायचं, एवढंच माझं काम. परळला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं आणि पहिली नोकरी महालक्ष्मीच्या मैदानावर लागली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी किती घोड्यांच्या कपाळावरून हात फिरवला असेल, याचा अंदाज मला स्वतःलाही नाही.

आमचं घर चिंचपोकळीचं. वडील मालवणकडचे, गिरणीत फिटर होते, गिरणी गेल्यावर छापखान्यात लागले. मी घोड्यांचं काम घेतलं हे कळल्यावर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "बैल तरी बरो गो. घोड्याच्या पाठी कित्याक लागतंस?" आमच्या चाळीत मैदान म्हणजे जुगार, यापलीकडे कुणाला माहिती नव्हती. मी म्हटलं, "बाबा, मी पैसे लावायला जात नाही, घोडे बघायला जाते." त्यावर त्यांनी भात कालवला आणि विषय संपवला.

खरं सांगायचं तर मलाही पहिल्या दिवसापर्यंत घोडा म्हणजे लग्नाच्या वरातीतला किंवा चौपाटीवरचा, एवढाच ठाऊक होता. कॉलेजात अभ्यास केला तो बहुतेक गायी-म्हशी-कुत्र्यांचा. पहिल्या दिवशी सकाळी सव्वासहाला एक तांबूस घोडा सराव करून माझ्यासमोरून चालत गेला आणि मला त्याच्या शिरा दिसल्या. खांद्यावर, पोटावर, मांडीवर, कातडीच्या अगदी खाली पसरलेल्या, पिंपळाच्या वाळक्या पानावरच्या शिरांसारख्या. इतकी पातळ कातडी मी कुठल्याच जनावराची पाहिली नव्हती. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि पाय मात्र इतके सडपातळ, की एवढं धूड त्यांवर पेलतं कसं, असा प्रश्न पडावा. मी तिथेच ठरवलं, हे जनावर आपण नीट शिकायचं.

शिकवायला मला एक गृहस्थ मिळाले. गिरगावातल्या एका जुन्या वाडीत राहणारे, मूळ मुंबईचेच ख्रिस्ती. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. निवृत्त झाले होते, पण नव्या माणसाला तयार करायला दोन महिन्यांसाठी त्यांना परत बोलावलं होतं. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला 'बाय' म्हणत. त्यांचे पणजोबा भायखळ्याला बग्ग्या बनवायचे. शर्यतीचं मैदानही आधी भायखळ्यालाच होतं आणि अरबस्तानातले घोडे गलबतांतून मुंबईच्या बंदरात उतरून तिथल्या तबेल्यांत विकायला उभे राहत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

"हे आत्ताचे घोडे मात्र अरबी नव्हेत हं, बाय," ते म्हणाले. "हे थरोब्रेड. मुद्दाम केलेली जात आहे ही."

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे माणसाला फक्त वेग पाहिजे होता, म्हणून केलेली. इंग्लंडात त्यांच्या घोड्या होत्या, पळणाऱ्या. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी पूर्वेकडून तीन घोडे तिकडे गेले. एक तुर्कांच्या फौजेतला, लढाईत धरलेला. एक अरबी, सिरियातल्या हलबहून विकत नेलेला. तिसरा कुठून कुठून फिरत गेला. तो पॅरिसच्या रस्त्यावर पाण्याचा गाडा ओढत होता, असंही सांगतात. खरं-खोटं देव जाणे. या मैदानावरचा कुठलाही घोडा घे आणि बापाचा बाप, त्याचा बाप असं मागे मागे जा. त्या तिघांतल्या एकाच्या दारात पोचशील."

"सगळे?"

"सगळे. बहुतेक तर त्या हलबच्याच घराण्यातले. आणि दार बंद आहे. आई-बाप दोघेही नोंदलेले नसतील, तर पोराला या घराण्यात जागा नाही. इंजेक्शन देऊन गाभण केलेल्या घोडीचं पिलूही चालत नाही. घोडा-घोडी समोरासमोर आले पाहिजेत. म्हणून तर तुझी-माझी नोकरी आहे. ओळख चुकली की घराणं चुकलं."

पुढचे दोन महिने त्यांनी मला घोडा वाचायला शिकवला. प्रत्येक थरोब्रेडची एक पुस्तिका असते, तिच्यात घोड्याची रेखाकृती छापलेली. शिंगरू आईजवळ असतानाच फार्मवर डॉक्टर जातो आणि त्या आकृतीवर त्याच्या खुणा काढतो. कपाळावरचा चांद, नाकावरचा पट्टा, पायातला पांढरा मोजा हे सगळं लाल शाईने आणि भोवरे काळ्या फुलीने. भोवरा म्हणजे आपल्या डोक्यात असतो तोच, केस गोल फिरतात ती जागा. घोड्याला तो कपाळावर असतो, मानेच्या दोन्ही बाजूंना असतो, कधी छातीवर, कधी गळ्याखाली. आपल्याकडचे जुने लोक भोवऱ्यांवरून घोडा शुभ की अशुभ ते ठरवत. अंकलना शुभाशुभाशी देणंघेणं नव्हतं.

"बाय, पांढरं रंगवता येतं. आयाळ कापता येते. ऊन लागलं की रंगही बदलतो. भोवरा हलत नाही. डोळ्यांनी दिसला तरी हात फिरव. डोळ्याला सवय झाली की तो बघायचा बंद होतो."

ते गेले आणि काम माझ्याकडे आलं.

आता ती गोष्ट सांगते. नोकरीला दीड वर्ष उलटलं होतं. तेव्हा घोड्याच्या मानेत चिप बसवायची पद्धत आमच्याकडे आलेली नव्हती. आज यंत्र मानेजवळ धरलं की नंबर दिसतो. तेव्हा पुस्तिका, डोळे आणि हात हीच काय ती साधनं.

थंडीच्या सुरुवातीला एका फार्मवरून काही दोन वर्षांच्या घोड्या मुंबईत आल्या होत्या. त्यांतल्या दोघी एकाच बापाच्या. दोघी कुमाईत, म्हणजे गडद तांबड्या, काळ्या आयाळीच्या. दोघींच्या कपाळावर चांद आणि मागच्या उजव्या पायात पांढरा मोजा. एक मैदानावरच्या सगळ्यात मोठ्या तबेल्यात गेली. तिथले ट्रेनर साठीचे, दरारा असलेले, चाळीस वर्षं घोड्यांत घालवलेले. दुसरी गेली एका लहान तबेल्यात, जिथे उणेपुरे आठ घोडे होते. तिथला ट्रेनर मितभाषी, पस्तिशीतला. उतरल्यावर रंग, चांद आणि मोजा बघून दोघींना आत घेतलं गेलं. बारकाईची तपासणी पहिल्या शर्यतीआधी होते, ती माझ्याकडे होती.

मोठ्या तबेल्यातली घोडी सरावात अशी पळाली, की तीन महिन्यांत तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. तिचा मोतद्दार, म्हणजे तिची सगळी देखभाल करणारा, माणदेशातला होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला कायम पंचा. त्याच्या आजाकडे भीमथडीची तट्टं होती म्हणे. "ती बुटकी, पण दगडावर चालायची, कडबा खाऊन जगायची," तो मला एकदा सांगत होता. "हिचं तसं नाय मॅडम. हिला पानी जरा गार लागलं तरी पोट दुखतं. पर सोडली की वारा." घोडीला तो 'बाई' म्हणायचा. दाण्याची चंदी देताना "घ्या बाई", खरारा करताना "उभं ऱ्हावा बाई". ती खरंच तशी होती. अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागला की कातडी थरथरायची, कान मागे जायचे. तो आला की मान त्याच्या खांद्यावर टाकायची.

तिच्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी सकाळी मी तिची पुस्तिका घेऊन तबेल्यात गेले. रंग बरोबर. चांद बरोबर. मोजा बरोबर. मी कपाळावर हात ठेवला. पुस्तिकेत चांदाच्या मधोमध एकच भोवरा, डोळ्यांच्या रेषेच्या वर. माझ्या बोटांना दोन लागले, एकाखाली एक. मी डावी मान बघितली. पुस्तिकेत भोवरा वर, आयाळीला लागून. इथे तो खाली, जवळजवळ श्वासनलिकेपाशी. उजवीकडेही तेच. छातीवर एक भोवरा, तो पुस्तिकेत नव्हताच.

 माझं डोकं एकदम थंड झालं. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. मग मोतद्दाराला म्हटलं, "हिला आज न्यायचं नाही."

"का? ताप हाय का?"

"नाही. तब्येत उत्तम आहे. पण कागदावरची घोडी ही नव्हे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग घोडीकडे. "मग कोन हाय ही?"

ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी कचेरीत कळवलं. माझे वरिष्ठ त्या आठवड्यात रजेवर होते, त्यामुळे निर्णय माझ्या सहीवर होता. पाच मिनिटांत ट्रेनर आले.

"डॉक्टर, काय चाललंय?"

"सर, भोवरे जुळत नाहीत. चारही ठिकाणी."

"ही घोडी तीन महिने माझ्याकडे आहे. ती शिंकली तरी मला कळतं."

"ती तुमच्याकडे तीन महिने आहे, हे मला मान्य आहे. पण ही पुस्तिका तिची नाही."

"तुम्हाला नोकरीला लागून किती दिवस झाले?"

"एक वर्ष सात महिने."

"मी चाळीस वर्षं घोडे बघतोय."

"म्हणूनच म्हणते सर, एकदा तुम्हीच हात फिरवून बघा."

त्यांनी हात फिरवला नाही. माझ्या हातातली पुस्तिका घेतली, आकृती बघितली आणि परत दिली. "फार्मवरच्या डॉक्टरने चुकीचं काढलं असेल. शिंगरू एका जागी उभं राहत नाही. तुम्हाला कळतंय ना, आज सगळं मैदान हिच्याकडे बघतंय?"

"कळतंय सर. मी सही करणार नाही."

ते माझ्यावर ओरडतील अशी माझी अपेक्षा होती. ते ओरडले नाहीत. मोतद्दाराला म्हणाले, "पाणी दाखव तिला," आणि निघून गेले. तासाभराने घोडी शर्यतीतून काढल्याची घोषणा झाली. दुपारभर लोक मला बघून गप्प होत होते आणि मी पुढे गेले की परत बोलू लागत होते.

एक गोष्ट मात्र मला दिवसभर टोचत राहिली. ट्रेनर म्हणाले ते खरं असेल तर? घोडी बरोबर असेल आणि चित्रच चुकलं असेल तर? शिंगरू खरंच उभं राहत नाही. मीही पहिल्या वर्षी एकदा उजवी-डावी बाजू उलट काढली होती. संध्याकाळी मी बस पकडून गिरगावला गेले.

अंकल व्हरांड्यात बसून वाटाणे सोलत होते. मी पुस्तिकेची नक्कल आणि मी सकाळी काढलेली आकृती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"तू हात फिरवलास?"

"दोनदा."

"मग विचारायला का आलीस?"

"फार्मवाल्याचं चित्र चुकलं असेल तर?"

त्यांनी मान हलवली. "चूक करणारा माणूस एका ठिकाणी चुकतो, बाय. फार तर दोन ठिकाणी. चार ठिकाणी नेमकं वेगळं आलं, तर चित्र बरोबर आहे आणि घोडी दुसरी आहे. आता सांग, हिच्यासारखी दिसणारी दुसरी कोण? त्याच दिवशी, त्याच गाडीतून कोण उतरलं?"

उत्तर इतकं समोर होतं, की मला स्वतःचा राग आला. दिवसभर मी या एका घोडीभोवतीच फिरत होते. अंकलनी वाटाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. "खा. कच्चे गोड लागतात. आणि उद्या सकाळी एकटी जाऊ नकोस, कुणाला तरी साक्षीला ने."

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या एका सहकाऱ्याला घेऊन मी लहान तबेल्यात गेले. तिथल्या ट्रेनरला आदल्या दिवशीची बातमी कळलेली होतीच. मी काही बोलायच्या आधी तो म्हणाला, "या. मला वाटलंच होतं तुम्ही याल." त्याने स्वतः दोरी धरली. ही घोडी शांत, थोडी जड अंगाची. मी चांदावर हात ठेवला. मधोमध एकच भोवरा. डावी मान, आयाळीला लागून. उजवी तशीच. छाती कोरी. मोठ्या तबेल्यातल्या पुस्तिकेतली घोडी माझ्यासमोर उभी होती आणि शांतपणे गवत चघळत होती.

दोघींच्या आयाळीचे केस मुळांसकट उपटले, पाकिटं बंद केली आणि केसांवरून आई-बाप कोण ते ठरवणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवली. निकाल येईपर्यंत दोघींपैकी कुणीही पळायचं नाही असं ठरलं. ते आठवडे मला फार जड गेले असं वाटेल, पण मला झोप नीट लागत होती. हाताला जे लागलं होतं ते लागलं होतं.

मधल्या काळात चूक कुठे झाली तेही उलगडलं. घोड्या आणणाऱ्या गाडीबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला फार्मवाल्यांनी विचारलं, तेव्हा त्याला आठवलं. घाट उतरताना गाडी गरम झाली, खोपोलीला थांबवावी लागली. घोड्या खाली उतरवून सावलीला बांधल्या. घामाने मोहरक्या, म्हणजे तोंडावरचे पट्टे, भिजल्या होत्या, म्हणून त्याने त्या काढल्या, धुतल्या आणि गाडीच्या कठड्यावर वाळत घातल्या. नावाच्या पट्ट्या मोहरक्यांनाच लावलेल्या. परत चढवताना दोघींच्या मोहरक्यांची अदलाबदल झाली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्याने जनावराच्या भल्यासाठीच मोहरक्या धुतल्या होत्या.

निकाल आला. मी म्हटलं होतं तसाच.

एका सकाळी अदलाबदल झाली. ती शांत घोडी मोठ्या तबेल्यात आली आणि माणदेशी मोतद्दार त्याच्या बाईला घेऊन लहान तबेल्याकडे निघाला. अंतर फार नाही, पाच-सात मिनिटांचं. मी कागद घेऊन मागे चालत होते. तो तिच्याशी नेहमीसारखं बोलत नव्हता. पोचल्यावर त्याने दोरी तिथल्या माणसाच्या हातात दिली, तिच्या मानेवर थाप मारली आणि सांगायला लागला. "चंदी दोनदा चाळून घ्या. पानी कोमट. डाव्या अंगानं जाऊ नका, दचकते. रातच्याला पट्टी सैल बांधा." समोरचा माणूस हो हो म्हणत होता. मग तो माझ्याकडे वळला. "तुमचं काम तुमी केलं मॅडम. बरोबरच केलं." आणि परत जाताना तो मैदानाच्या कडेकडेने गेला, आम्ही आलो त्या वाटेने नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की बरोबर असणं ही एक गोष्ट आणि बरं वाटणं ही दुसरी.

तिसऱ्या दिवशी लहान तबेल्यातला ट्रेनर स्वतः माझ्याकडे आला. घोडी खात नव्हती. ताप नाही, पोट साफ, दात ठीक. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी बघितलं, काही सापडलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. या जातीचं असंच आहे. हृदय मोठं, फुप्फुसं मोठी. धावताना प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास आणि तोही नाकानेच, कारण घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. प्लीहेत जादा रक्त साठवलेलं, दौड सुरू झाली की ते अंगात सोडायचं. माणसाने तीनशे वर्षं निवडून निवडून हे सगळं तिच्यात आणलं आणि त्याबरोबर मनही असं आलं, तापलेल्या तव्यासारखं. भीमथडीचं तट्टू मालक बदलला तरी दुसऱ्या दिवशी वैरण खाईल. ही खाणार नव्हती.

मी मोठ्या तबेल्यात गेले. मनात धाकधूक होती, कारण त्या सकाळनंतर ट्रेनर माझ्याशी बोललेच नव्हते. ते घड्याळ हातात धरून सराव बघत उभे होते.

"सर, घोडी खात नाहीये."

"ऐकलं."

"तुमचा मोतद्दार अर्धा तास जाऊन आला तर..."

त्यांनी घड्याळ बंद केलं. "अर्ध्या तासाने काय होणार? संध्याकाळी परत उपाशी." मग त्यांनी लांबूनच त्या माणसाला हाक मारली. तो पंच्याला हात पुसत आला.

"तुझी पेटी उचल," ट्रेनर म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "साहेब, माझी काय चूक?"

"चूक नाही रे. तिकडे जा. मी बोलतो त्यांच्याशी. ती घोडी तुझी आहे, जिथे ती तिथे तू."

 तो वाकून ट्रेनरच्या पायांना हात लावायला गेला, ते मागे सरकले. "नाटक करू नकोस. तिला भूक लागलीये."

तो पळतच गेला. मी मागून पोचले तेव्हा घोडीचं तोंड बादलीत होतं आणि तो तिच्या मानेत तोंड खुपसून काहीतरी बोलत होता. मी दारातूनच परतले.

परत जाताना ट्रेनर वाटेत भेटले. म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी तिच्या कपाळावर हात फिरवला होता. दोन होते." एवढं बोलून ते पुढे गेले.

महिन्याभराने ती लहान तबेल्याच्या नावाने पहिल्यांदा धावली. चौथी आली. मला वाईट वाटलं, मोतद्दाराला नाही. "कान बघितलं का मॅडम? शेवटपर्यंत कान पुढं. अजून तिला मजाच वाटतीया." पुढच्या शर्यतीत ती जिंकली आणि तो तिच्याबरोबर चालत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर नवाकोरा पंचा होता. दुसरी, शांत घोडी, कमी अंतरात कधी चमकली नाही. ट्रेनरने तिला वर्षभर घाई केली नाही. तिच्या आईच्या घराण्यात लांब पल्ल्याचे घोडे आहेत, हे आता त्यांना खरोखर माहीत होतं. पुढच्या हंगामात त्यांनी तिला लांबच्या शर्यतीत उतरवलं आणि ती अशी निवांत जिंकली, जशी बाजारातून भाजी घेऊन येतेय.

माणदेशीची घोडी तिसऱ्या वर्षी पायाची कंडरा दुखावून अधू झाली. हे त्यांच्यात नेहमीचं. एवढं वजन, एवढा वेग आणि पाय तेवढेसे. ती फार्मवर परत गेली, आई व्हायला. मोतद्दार मुंबईतच राहिला. त्याला तबेल्यात दुसरा घोडा मिळाला होता, एक चावरा करडा. तिला निरोप द्यायला तो गाडीपर्यंत आला होता. मोहरकीवरची नावाची पट्टी त्याने तीनदा वाचली, मग मला वाचायला लावली.

पुढच्या वर्षी शिंगरांच्या खुणा काढायला मी फार्मवर गेले. आमच्याकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच धरतात, एक जानेवारी, म्हणून शिंगरं वर्षाच्या सुरुवातीला व्हावीत असा सगळ्यांचा प्रयत्न असतो. तिचं शिंगरू फेब्रुवारीत झालं होतं, बाप महालक्ष्मीवरच धावलेला. सहा आठवड्यांचं, लांब पायांचं, कोळ्यासारखं. आईच्या पोटाखालून माझ्याकडे बघत होतं. दोन माणसांनी धरलं, तरी त्याचं चित्र काढायला मला पाऊण तास लागला. मी फोनवर दोन-चार फोटो काढून घेतले.

मुंबईला आल्यावर सकाळी तबेल्यात गेले. मोतद्दार त्या करड्याच्या खुरात अडकलेली माती काढत होता. मी फोन त्याच्यासमोर धरला. त्याने हात धोतराला पुसले, फोन घेतला आणि उन्हाकडे पाठ करून किती तरी वेळ बघत राहिला.

"पाय बापाचं हाईत," तो म्हणाला. "डोळं तिचं." मग फोन परत दिला आणि करड्याचा पुढचा पाय उचलला.